दुसरा राउटर बसवायचा, पण राउटर म्हणून नाही

फायबर जोडायला आलेला माणूस दाराजवळच्या भोकातून तार आत घेतो, ती सहज पोचेल त्या कोपऱ्यात डबा ठोकतो आणि पुढच्या कामाला निघतो. बहुतेक घरांत तो कोपरा टीव्हीच्या वरचा असतो. मग हॉलमध्ये नेट पळतं, स्वयंपाकघरात रखडतं आणि मागच्या खोलीत व्हिडिओ कॉलवरचा चेहरा गोठतो. प्लॅन १०० चा ३०० एमबीपीएस केला तरी मागच्या खोलीत काही फरक पडत नाही, कारण दुखणं बाहेरून येणाऱ्या नेटचं नसतं, भिंतींचं असतं. नऊ इंची विटांच्या दोन भिंती, मध्ये टाइल्स लावलेलं न्हाणीघर, त्यापुढे लोखंडी कपाट. वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर एवढ्यातून पार होईपर्यंत तिच्यात दम उरत नाही. २.४ गिगाहर्ट्झची पोचते, पण तिथे अख्ख्या सोसायटीची गर्दी असते. मजला वर असेल तर मध्ये सळयांचा स्लॅब येतो, तो सगळ्यात वाईट.

यावर दुसरा राउटर हा उपाय बरोबर आहे. चूक होते ती बसवण्याच्या पद्धतीत. बहुतेक जण नवा राउटर आणतात, पहिल्या डब्यातून वायर काढून दुसऱ्याच्या निळ्या वॅन पोर्टात (बाहेरून येणाऱ्या नेटसाठीच्या भोकात) खुपसतात आणि नेट आलं की काम झालं समजतात. काम झालेलं नसतं. घरात एकाऐवजी दोन नेटवर्कं झालेली असतात. हॉलमधल्या प्रिंटरला बेडरूममधला लॅपटॉप दिसत नाही, मोबाइलवरचं टीव्हीवर जात नाही, सीसीटीव्हीचं ॲप एका खोलीत चालतं आणि दुसरीत नाही. घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते वाटणारा डबा एकच असावा. दुसऱ्या डब्याने फक्त वायफाय द्यायचं, बाकी कशात नाक खुपसायचं नाही. याला अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात, आणि खालचं बहुतेक लिखाण त्याबद्दलच आहे.

आधी दोन तपासण्या

मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा, डब्यापासून चार-पाच फुटांवर उभे राहा आणि वेग मोजा. तिथेच प्लॅनच्या जवळपास वेग मिळत नसेल तर दुसरा राउटर आणून उपयोग नाही. आधी नेटवाल्याला बोलवा. डब्याच्या सेटिंगच्या पानावर प्रकाशाची ताकद दिसत असेल तर ती पाहून ठेवा. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत घरात येणारा प्रकाश साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (ही ताकद मोजायचं एकक) दरम्यान असावा लागतो. उणे २६-२७ म्हणजे काठावरचं काम, पावसात कधीही तुटेल. ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला तर प्रकाश येतच नाही, आणि त्याचा राउटरशी काही संबंध नाही.

दुसरी तपासणी: डबा हलवून भागतं का? दोन बीएचकेच्या घरात तो टीव्हीमागून काढून पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर लावला तर दुसऱ्या राउटरची गरजच उरत नाही, असं पुष्कळदा होतं. फायबरची तार मात्र स्वतः वाढवायला जाऊ नका. ती काचेची असते, तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गोलाईत वाकवली की प्रकाश गळतो, आणि हिरव्या टोपीचा जॅक काढून बोट लावलं तरी बोटाचा तेलकटपणा पुरेसा ठरतो. जॅकच्या तोंडात डोळा घालून पाहायचं नाही. आतला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण असतो.

घरात नेमकं काय आहे ते ओळखा

जिओ, एअरटेल यांसारख्या मोठ्या कंपन्या बहुधा एकच डबा देतात. फायबरचा प्रकाश विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारं ओएनटी, राउटर आणि वायफाय असं तिन्ही त्याच्यात असतं. गल्लीतल्या केबलवाल्याकडून घेतलेल्या कनेक्शनमध्ये बऱ्याचदा दोन डबे असतात: एक लहान ओएनटी आणि त्याला वायरने जोडलेला राउटर. अशा घरात नव्या डब्याची वायर राउटरच्या लॅन पोर्टातूनच, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या भोकातूनच, काढायची. ओएनटीवर दुसरं पोर्ट मोकळं दिसतं म्हणून तिथून काढली तर दिवा लागेल पण नेट येणार नाही. तो ओएनटी नुसता पूल असतो, लॉगिन राउटर करतो.

पोर्टांमध्येही फरक असतो. स्वस्त ओएनटीवर दोन पोर्टं असली तर एक गिगाबिटचं आणि दुसरं १०० एमबीपीएसचं, अशी जोडी सर्रास आढळते. डब्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर ‘जीई’ म्हणजे गिगाबिट आणि ‘एफई’ म्हणजे १०० चं. ३०० चा प्लॅन घेऊन वायर एफईमध्ये लावली तर वेग ९४ च्या आसपास अडकेल आणि दोष राउटरला दिला जाईल.

दुसरा डबा नवाच हवा असं नाही. टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड यायचं त्या काळातला मोडेम माळ्यावर पडला असेल, तर तोही अ‍ॅक्सेस पॉइंट होऊ शकतो. फोनच्या तारेचं पोर्ट मोकळं सोडायचं, एवढंच. पण त्याची लॅन पोर्टं १०० ची आणि वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असतं, म्हणजे प्रत्यक्षात ३०-४० एमबीपीएस मिळाले तरी नशीब. आजींच्या खोलीत किर्तन ऐकायला ठीक आहे, ऑफिसच्या कामाला नाही. विकत घेणार असाल तर तीन गोष्टी पाहा: सगळी पोर्टं गिगाबिटची, २.४ आणि ५ दोन्ही बँड, आणि सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड. ‘१२०० एमबीपीएस’ असं खोक्यावर ठळक छापलेल्या कितीतरी राउटरांची पोर्टं आतून १०० चीच असतात. खोक्याची मागची बाजू वाचा, दुकानदाराला विचारू नका.

वायर: खरं काम इथेच

सेटिंगला वीस मिनिटं लागतात, वायर टाकायला अर्धा दिवस. तरीही वायरच टाका. बिनतारी एक्स्टेंडर भिंतीत खोचला की झालं, हा मोह समजण्यासारखा आहे, पण साधा एक्स्टेंडर त्याच बँडवर ऐकतो आणि त्याच बँडवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो जिथे सिग्नल येत नाही तिथे लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? लावायचाच असेल तर मध्यावर, चांगला सिग्नल जिथे अजून मिळतो तिथे.

वायर कॅट-६ घ्या, कॅट-५ई मिळाली तरी घरातल्या अंतराला गिगाबिट आरामात चालतो. महत्त्वाचं हे की तांबं शुद्ध हवं. बाजारात ‘सीसीए’ नावाची स्वस्त वायर मिळते, ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली. ती दोन-चार वळणांत तुटते आणि जॅकमध्ये नीट धरत नाही. ओळखायची सोपी खूण: आतली एक तार चाकूने खरवडा, आत पांढरट चमकली तर ॲल्युमिनियम. हातात घेतल्यावर गुंडाळी हलकी वाटते ती वेगळीच.

अंतर दोरीने मोजा, फुटपट्टीच्या सरळ रेषेत नाही. वायर चौकटीवरून चढते, कोपऱ्यातून वळते. दोन्ही टोकांना एकेक मीटर जास्त ठेवा. एका सलग तुकड्याची मर्यादा १०० मीटर आहे, घरात ती कधी आड येत नाही. लागणारं सामान: वायर, आठ पिनांचे आरजे-४५ जॅक किमान सहा (दोन लागतात, पहिले दोन वाया जातात), क्रिंपिंगचा पक्कड, साधा लॅन टेस्टर, आणि केसिंगची पट्टी किंवा खिळ्यांच्या क्लिपा.

भिंतीतला पाइप मोकळा असेल तर वायर जॅक न लावता ओढा. २० मिलिमीटरच्या पाइपाच्या वळणावर लावलेला जॅक हमखास अडकतो आणि त्याची दांडी मोडते. ज्या पाइपात विजेच्या तारा आहेत त्यात नेटची वायर घालायची नाही. त्यात गोंधळ होतो हे एक, आणि विजेच्या तारेचं वेष्टण सोललं तर २३० व्होल्ट थेट राउटरमध्ये, तिथून तुमच्या हातात. समांतर न्यायचीच असेल तर वीतभर अंतर ठेवा. ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा.

जॅक भरताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच. जॅकची दांडी खाली, पिना आपल्याकडे दिसतील असा धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीत निळ्याची जोडी घुसलेली आहे हे लक्षात घ्या; ‘जोड्या सरळ ओळीने लावल्या, दोन्हीकडे सारख्याच’ असं केलं की टेस्टर आठही दिवे हिरवे दाखवतो, पण तारांचे पीळ चुकीच्या जोडीला जातात आणि लांब वायरीवर वेग कोसळतो. पीळ जॅकच्या तोंडापर्यंत ठेवा, सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त उसवू नका. बाहेरचं वेष्टण जॅकच्या आत जाऊन दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच झटक्याला तारा निघतात.

आता या लेखातला सगळ्यात उपयोगी आकडा: १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. म्हणून निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार नीट बसली नाही तर नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. वेग मोजला आणि ९३-९४ च्या पुढे एक पाऊल सरकत नाही असं दिसलं, की सेटिंगमध्ये शोधत बसू नका. जॅक कापा, नवा भरा.

बंगल्यातून आउटहाउसमध्ये किंवा शेतातल्या खोलीत तांब्याची वायर उघड्यावरून न्यायची असेल तर विचार करा. उन्हाने घरातल्या वायरीचं वेष्टण दोन वर्षांत तडकतं, आणि कोकण-घाटाकडे विजांचा मोसम आला की बाहेरून गेलेली तांब्याची वायर दोन्हीकडचे डबे एकदम घेऊन जाते. अशा ठिकाणी दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याचा सिग्नल प्रकाशात आणि परत बदलणारे लहान डबे) आणि मध्ये फायबर हाच शहाणपणा.

सेटिंग

वायर तयार झाली तरी अजून दोन डबे एकमेकांना जोडू नका. दोघांचाही पत्ता कारखान्यातून १९२.१६८.१.१ आला असेल तर जोडल्याबरोबर भांडण लागतं आणि कुणाचंच पान उघडत नाही. आधी नवा डबा एकटा तयार करायचा. (पत्ते टाइप करताना आकडे अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरचे.)

पहिल्या डब्याची माहिती कागदावर घ्या. मोबाइलच्या वायफाय तपशिलात ‘गेटवे’ म्हणून जो पत्ता दिसतो तो पहिल्या डब्याचा. जिओचा बहुधा १९२.१६८.२९.१ असतो, एअरटेलचा बहुधा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाकून उघडणाऱ्या पानावर डीएचसीपीची, म्हणजे डबा आपोआप वाटतो त्या पत्त्यांची, यादी कुठपासून कुठपर्यंत आहे ते पाहा. समजा पत्त्याचा शेवटचा भाग २ ते २५४ आहे. ती २ ते २०० करा. वरचे पत्ते आपल्या हातात राहिले. कंपनीने ते पान कुलूपबंद केलं असेल तर बदलता येणार नाही. मग २५० च्या पुढचा एखादा पत्ता वापरा, घरात दहा-पंधरा उपकरणं असताना टक्कर व्हायची शक्यता कमी असते.

आता दुसरा डबा. वीज चालू असताना रिसेटच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबा, सगळे दिवे एकदम लागून विझले की सोडा. लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टाला वायरने जोडा. मोबाइलवरून करत असाल तर मोबाइल डेटा बंद करा. नाहीतर ‘या वायफायला इंटरनेट नाही’ म्हणून फोन शहाणपणा करतो, डेटावर उडी मारतो आणि पान उघडत नाही. अर्धे लोक इथेच अडकतात. स्टिकरवरचा पत्ता उघडा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड नवा द्या.

मेनूत ‘ऑपरेशन मोड’ किंवा ‘सिस्टिम मोड’ शोधा. टीपी-लिंक, डी-लिंक, टेंडा अशा कंपन्यांच्या अलीकडच्या बहुतेक राउटरांत तिथे ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मिळतो. तो निवडा, सेव्ह करा, डबा स्वतः पुन्हा चालू होईल. मग वायर पहिल्या डब्याच्या लॅनमधून दुसऱ्याच्या वॅनमध्ये लावा. या मोडमध्ये वॅन पोर्टही लॅनसारखंच वागतं. काम संपलं, पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

जुन्या डब्यात हा मोड नसेल तर हाताने करायचं, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘लॅन’च्या पानावर जाऊन डब्याचा स्वतःचा पत्ता बदला. पहिल्या डब्याचा १९२.१६८.१.१ असेल तर याचा १९२.१६८.१.२५०, पहिले तीन भाग तेच, शेवटचा वेगळा. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० तसाच राहू द्या. सेव्ह केल्यावर पान लटकेल, ते साहजिक आहे, कारण डबा आता नव्या घरी राहायला गेला. लॅपटॉपची वायर काढून पुन्हा लावा, नवा पत्ता उघडा, आत शिरा. वायफायचं नाव-पासवर्डही आताच भरून घ्या. आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी सर्व्हर बंद. हे आधी बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ताच मिळणार नाही आणि तुम्ही दाराबाहेर. झालंच असं, तर लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.२४० असा पत्ता द्या, किंवा टाचणी पुन्हा उचला.

आता वायर लावायची ती लॅनमधून लॅनमध्ये. दुसऱ्या डब्याचं वॅन पोर्ट रिकामं राहील. त्यावर चिकटपट्टी लावून टाका, कारण सहा महिन्यांनी घर रंगवणारा डबा उतरवेल आणि वायर मोकळ्या, वेगळ्या रंगाच्या, आकर्षक पोर्टात परत लावेल.

वायफायचं नाव आणि चॅनेल

दोन्ही डब्यांना एकच नाव, एकच पासवर्ड, एकच सुरक्षेचा प्रकार (डब्ल्यूपीए२, एईएस) दिला तर फोन घरात फिरताना आपोआप एकाकडून दुसऱ्याकडे जातो. निदान जायला हवा. कधी सोडायचं ते फोन ठरवतो, राउटर नाही. आणि काही फोन लोचटासारखे हॉलच्या मरगळलेल्या सिग्नलला धरून बसतात. उपाय गमतीचा वाटेल पण खरा आहे: पहिल्या डब्याची ताकद कमी करा. ‘ट्रान्समिट पॉवर’ हाय वरून मीडियमवर आणली की मागच्या खोलीत त्याचा आवाज पुरेसा मंद होतो आणि फोन त्याला सोडतो. त्यानेही जमलं नाही तर दुसऱ्या डब्याला वेगळं नाव द्या. कमी देखणं आहे, पण मागच्या खोलीतला टीव्ही, डेस्कवरचा लॅपटॉप अशा जागचं न हलणाऱ्यांना ते जास्त चांगलं.

चॅनेल मात्र वेगळे हवेतच. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत मिसळत नाहीत. एका डब्याला १, दुसऱ्याला ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ‘४० केली की वेग दुप्पट’ हे फ्लॅटमध्ये खोटं ठरतं. शेजाऱ्यांचाही त्रास वाढतो, आपलाही. ५ गिगाहर्ट्झवर एकाला ३६, दुसऱ्याला १४९, रुंदी ८० मेगाहर्ट्झ. ५२ ते १४४ मधले चॅनेल रडारशी वाटून घेतलेले असतात, तिथे राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला जागा सोडावी लागते, आणि काही उपकरणांना ते दिसतच नाहीत.

डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने, पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद करा. पाहुण्यांसाठीचं ‘गेस्ट नेटवर्क’ अ‍ॅक्सेस पॉइंटवर लावणार असाल तर आधी तपासा. पुष्कळ स्वस्त डब्यांत या मोडमध्ये पाहुण्याला तुमचा प्रिंटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर खुशाल दिसतो. त्यापेक्षा गेस्ट नेटवर्क पहिल्या डब्यावरच ठेवलेलं बरं.

तपासून पाहा

लॅपटॉप दुसऱ्या डब्याच्या लॅनला वायरने जोडा. त्याला पहिल्या डब्याच्या पत्त्यासारखेच पहिले तीन भाग (आपल्या उदाहरणात १९२.१६८.१) असलेला पत्ता आणि गेटवे म्हणून पहिल्या डब्याचा पत्ता मिळाला पाहिजे. गेटवेच्या जागी २५० दिसलं तर डीएचसीपी बंद झालेलं नाही. जोडणीचा वेग १००० दाखवतो का पाहा, १०० दाखवला तर वर सांगितलेलं जॅकचं रामायण. वायरवर वेग बरोबर आला की मगच वायफायवर मोजा. आधी वायफाय मोजून ‘कमी येतंय’ म्हणणाऱ्याला दोष भिंतीचा, चॅनेलचा की वायरीचा, हे कधीच कळत नाही.

दुसरा राउटर राउटर म्हणूनच केव्हा लावायचा

वर पेइंग गेस्ट किंवा भाडेकरू आहे, त्याला नेट द्यायचं पण आपले कॅमेरे दाखवायचे नाहीत, किंवा मुलांच्या खोलीला वेळेचं बंधन घालायचं आहे आणि कंपनीच्या डब्यात ती सोय नाही. तेव्हा वायर वॅनमध्ये, डीएचसीपी चालू. अट एकच: दुसऱ्या डब्याचा पत्ता पहिल्याच्या वस्तीत नको. पहिला १९२.१६८.१.१ असेल तर दुसरा १९२.१६८.५०.१ करा. सारखे राहिले तर दुसरा डबा गोंधळतो, बाहेरचं आणि आतलं त्याला वेगळं करता येत नाही.

भाडेकरूच्या बाबतीत लोक नेमकं उलटं करतात, तेही सांगून ठेवावं. दुसऱ्या राउटरमागे बसलेल्याला पहिल्या डब्यावरची उपकरणं दिसू शकतात, पहिल्यावाल्याला मागची दिसत नाहीत. म्हणजे जपायचं ते मागे ठेवायचं. आपले कॅमेरे आणि संगणक दुसऱ्या राउटरमागे, भाडेकरू पहिल्यावर.

ब्रिज मोड, थोडक्यात

कंपनीच्या डब्याचं राउटरपण काढून स्वतःचा दमदार राउटर मुख्य करायचा, ही तिसरी तऱ्हा. बीएसएनएल आणि बहुतेक केबलवाल्यांकडे जोडणी पीपीपीओईवर चालते, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड टाकून. ते दोन्ही, आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जोडणीचा गट ठरवणारा) आकडा, हातात असल्याशिवाय काही हलवू नका. पासवर्ड पानावर ठिपक्यांत दिसतो, तो नेटवाल्याकडूनच घ्यावा लागतो. आत्ता आहे त्या वॅनच्या पानाचा फोटो काढून ठेवा. काही केबलवाले जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला (कारखान्यातून आलेल्या ओळखक्रमांकाला) कनेक्शन बांधून ठेवतात. नवा लावला की ‘ऑथेंटिकेशन फेल’ येतं. मॅक क्लोन करा, म्हणजे जुना क्रमांक नव्याला द्या, किंवा फोन करून सोडवून घ्या. एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाची कमाल लांबी) १४९२ असू द्या. १५०० ठेवला तर काही साइट उघडतात, काही अर्धवट लटकतात, आणि हा दोष शोधताना माणूस वेडा होतो.

जिओच्या घरगुती डब्यात ग्राहकाला ब्रिजचा पर्याय सहसा दिसतच नाही, त्यामुळे तिथे अ‍ॅक्सेस पॉइंटवरच समाधान माना. ज्यांच्याकडे लँडलाइनचा फोन कंपनीच्या डब्याला लावलेला आहे त्यांनीही आधी विचारावं. ब्रिज करताना फोन मुका झाल्याच्या तक्रारी येतात. आणि कंपनी डबा लांबून सांभाळत असेल तर एखाद्या अपडेटनंतर तो पुन्हा पहिल्यासारखा होऊ शकतो.

पोर्ट फॉरवर्डिंगसाठी (बाहेरून घरातल्या उपकरणापर्यंत पोचायची वाट उघडण्यासाठी) हा खटाटोप करणार असाल तर आधी राउटरच्या वॅनला कुठला पत्ता मिळतो ते पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवलं आहे, आणि घरात कितीही राउटर बदलले तरी बाहेरून दार उघडणार नाही.

बिघडलं तर

सगळे दिवे एकाच वेगाने पिसाटासारखे लुकलुकतात आणि घरभर नेट ठप्प होतं: वायरीचं वेटोळं झालंय. एकाच वायरीची दोन्ही टोकं एका डब्यात, किंवा दोन डब्यांमध्ये दोन वायरी. एक काढा, अर्ध्या मिनिटात शांत होईल.

काही फोन चालतात, काहींना ‘जोडलं आहे, इंटरनेट नाही’ येतं, आणि कोणते ते रोज बदलतं: पत्ते वाटणारे दोघे झालेत. दुसऱ्याचं डीएचसीपी पाहा. कुणीतरी रिसेट दाबला असण्याची शक्यता मोठी.

दुसऱ्या डब्याचं पान उघडत नाही: तुम्ही जुना पत्ता टाकताय. नवा पत्ता, अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि ‘वायर लॅनमध्येच’ एवढं कागदावर लिहून डब्याच्या तळाला चिकटवा.

वीज गेल्यावर हॉलमध्ये नेट आहे, मागे नाही: मिनी यूपीएस एकाच डब्याला लावलाय. दुसऱ्यालाही लावा, पण अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचून. ओएनटी बहुधा १२ व्होल्टचं असतं, लहान राउटर ९ चेही असतात, आणि पिन दोन्हींची सारखीच बसते. ९ च्या डब्यात १२ गेले की आत काहीतरी जळल्याचा वास येतो आणि मग वर लिहिलेलं सगळं नव्या डब्यावर पहिल्यापासून करावं लागतं.